पावसाळा, पाळणाघर आणि तान्हे मूल : गैरसमज व वस्तुस्थिती

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांत ज्या मातापित्यांना आपले तान्हे मूल सकाळी पाळणाघरात सोपवून कामावर जावे लागते आणि दिवेलागणीला भर पावसातून घरी आणावे लागते, त्यांच्या जिवाची होणारी घालमेल निराधार म्हणता येत नाही. कारण तान्ह्या मुलाच्या शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने मोठे असते, त्वचेखाली चरबी बेताची असते, आणि मोठ्या माणसाप्रमाणे कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची शक्ती त्याच्या अंगी अद्याप पुरती आलेली नसते. तथापि, काळजी रास्त असली तरी तिच्यापोटी योजलेला प्रत्येक उपाय रास्त ठरतोच असे नाही. आणि म्हणूनच घरोघरी चालत आलेल्या काही समजुतींची वस्तुस्थितीशी रुजवात घालून पाहणे अगत्याचे आहे.

गैरसमज : मूल पावसात भिजले की सर्दी ठरलेलीच.

वस्तुस्थिती : सर्दी-पडसे हे विषाणूंमुळे होते, आणि ते विषाणू पावसाच्या पाण्यातून येत नसून शिंक, खोकला आणि न धुतलेले हात यांच्या द्वारे एकापासून दुसऱ्याकडे जातात. पावसाळ्यात खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत अनेक मुले दिवसभर एकत्र असतात, म्हणून मुलाला उचलून घेण्यापूर्वी साबणाने हात धुणे हा सर्दीवरचा अधिक परिणामकारक बंदोबस्त होय. याचा अर्थ भिजणे निरुपद्रवी आहे असा मात्र नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातील उष्णता ओढून नेते, आणि ओले कापड वाऱ्यावर वाळताना ती आणखी हरण करते. यास्तव पोहोचताक्षणी ओले कपडे उतरवून अंग कोरडे टिपणे, हे विषाणूचा विचार बाजूला ठेवला तरी आवश्यकच ठरते.

गैरसमज : कपडे जितके अधिक, तितकी ऊब अधिक.

वस्तुस्थिती : ही समजूत सर्वांत खोलवर रुजलेली, आणि सर्वांत अधिक त्रासदायकही आहे. मुंबईत ऐन जुलैत रात्रीचे तापमानही सामान्यतः २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि हवा इतकी दमट असते की आलेला घाम वाळत नाही. अशा हवेत झबले, त्यावर स्वेटर, त्यावर दुपटे आणि या सर्वांवर प्लास्टिकचा रेनकोट चढविलेल्या मुलाचे आवरण पाळणाघराच्या दारात उतरविताना नीट पाहावे : रेनकोट बाहेरून ओला, स्वेटर कोरडा, दुपटे कोरडे, आणि सर्वांत आतले मलमली झबले मात्र पाठीला चिकटून चिंब झालेले. पाऊस आत शिरलाच नव्हता. ओल आतूनच आली. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली रबर लावलेल्या जलरोधक कापडाचे पेटंट घेतले तेव्हापासून या जातीच्या कापडाचा दोष हाच राहिला आहे, की ते बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, त्याचप्रमाणे आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही.

म्हणून मोठ्या माणसाच्या अंगावर जितके कपडे असतील त्याहून एक पदर अधिक, आणि तोही सहज काढता येईल असा, हे प्रमाण पुरेसे समजावे. महाबळेश्वरच्या गार धुक्यात जे जरूरीचे, ते दादरच्या दमट हवेत जाचक ठरते. तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या शरीराच्या पृष्ठफळाचा जवळजवळ पाचवा हिस्सा व्यापते, त्यामुळे वाऱ्यात टोपडे किंवा कुंची खरोखरच उपयोगी पडते. पण घरात शिरताच, आणि विशेषतः झोपविताना, ते काढलेच पाहिजे, कारण अतिरिक्त उष्णता हा झोपेत होणाऱ्या आकस्मिक बालमृत्यूच्या धोक्यांपैकी एक मानला गेला आहे.

गैरसमज : हातपाय गार लागले, म्हणजे मूल गारठले.

वस्तुस्थिती : तान्ह्या मुलाचे तळहात-तळपाय एरवीही गार लागतात. खरी परीक्षा मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून करावी : तेथे कोमट व कोरडे लागले तर मूल ठीक आहे, घाम लागला तर एक पदर उतरवावा, गार लागले तर चढवावा. काखेतील तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असणे ही प्रकृती ठीक असल्याची खूण होय.

गैरसमज : प्लास्टिकने पुरते झाकले, की चिंता मिटली.

वस्तुस्थिती : तोंडावर ओढलेले प्लास्टिक वा जाड दुपटे श्वास कोंडू शकते. बाबागाडीचे आच्छादन हवेच्या झरोक्यांचेच असावे, आणि आडोशाला येताच ते दूर करावे. मूल झोळीत छातीशी बांधले असेल, तर त्याचा चेहरा आपल्या नजरेसमोर आणि हनुवटी छातीपासून सुटी राहील, याची खबरदारी घ्यावी. छत्री आपल्यापेक्षा त्याच्यावर अधिक झुकलेली असावी.

गैरसमज : रेनकोटात गुंडाळून स्कूटरवर नेले तर हरकत नाही.

वस्तुस्थिती : १५ फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आलेल्या केंद्रीय नियमानुसार, दुचाकीवर चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा-पट्टा, नऊ महिन्यांवरील मुलाला त्याच्या मापाचे शिरस्त्राण, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, अशा अटी आहेत. नऊ महिन्यांखालील बाळाची मान शिरस्त्राणाचा भार पेलण्याजोगी नसते. निसरड्या रस्त्यावर त्याला दुचाकीवर नेऊच नये. रिक्षा बरी, मात्र तिच्या रेक्झिनच्या पडद्याच्या कडेवरून निथळणारी धार मांडीवरच्या मुलाच्या पायांवर पडते, म्हणून मधोमध बसावे.

गैरसमज : भिजलेल्या मुलाला धुरी, कापूर किंवा ब्रँडीचे दोन थेंब हवेत.

वस्तुस्थिती : धूर कोवळ्या फुप्फुसांना अपायकारक आहे, कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात, आणि मद्याने तान्ह्या मुलाच्या रक्तातील साखर घसरते. याहून खात्रीची ऊब आईच्या किंवा वडिलांच्या अंगाची : मूल कोरडे करून उघड्या छातीशी घ्यावे आणि वरून दुपटे पांघरावे. बोगोटा येथे १९७८ साली डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी हीच पद्धत रुग्णालयात सुरू केली, आणि आज ती जगभर मान्य आहे.

या साऱ्याचे तात्पर्य एवढेच, की तान्ह्या मुलाच्या बाबतीत आधी कोरडेपणा आणि मग ऊब. पिशवीत जलरोधक थैलीत बांधलेले दोन कोरडे झबले-लंगोट आणि एक पंचा असावा. आणि दमट हवेत अर्धवट वाळलेला लंगोट चट्ट्यांना आमंत्रण देतो, म्हणून तो इस्त्री फिरवूनच घालावा. तथापि सारा भार एकट्या आईवर टाकणे न्याय्य नाही. ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलास भेटण्याची मुभा दिली. या तरतुदीची अंमलबजावणी जेथे होत नाही, तेथे ती मागणे हेही मुलाला कोरडे ठेवण्याच्या तजविजीतच मोडते. कारण कामाच्या ठिकाणाजवळ पाळणाघर असले, की मुलाची पावसातली वाट आपल्याबरोबरच संपते, आणि ते भिजलेच, तर त्याला छातीशी घेणारे माणूसही हाकेच्या अंतरावर असते.