दम्याचा तीव्र झटका आणि बायपॅप

बायपॅप म्हणजे काय? घशात नळी न घालता, नाकातोंडावर घट्ट बसवलेल्या मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र. श्वास घेताना दाब जास्त, सोडताना कमी.

उपयोग कसा? झटक्यात श्वासनलिका आकसतात, हवा फुप्फुसात अडकते. मानेचे स्नायू ताणले जातात, दोन शब्द बोलतानाही धाप लागते. यंत्र थकलेल्या स्नायूंचा भार हलका करते.

मूळ उपचार तेच : ऑक्सिजन, नेब्युलायझरमधून सालब्युटामॉल व इप्राट्रोपियम, स्टेरॉइड आणि गरजेनुसार शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट. बायपॅप त्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे.

पुरावा : सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) तीव्र झटक्यात बायपॅपचा फायदा पक्का सिद्ध झाला आहे; दम्यात पुरावा अजून तोकडा आहे. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतील 53 रुग्णांच्या अभ्यासात (2010) बायपॅप घेणाऱ्यांचा आयसीयूतील मुक्काम कमी झाला. फुप्फुसांच्या क्षमतेत मात्र ठळक फरक दिसला नाही.

कोणाला नको? शुद्ध हरपत चाललेला, सतत उलट्या होणारा किंवा रक्तदाब कोसळलेला रुग्ण. मास्क सहन व्हावा म्हणून गुंगीचे औषध देऊ नये.

लक्ष कशावर? श्वासाची गती, ऑक्सिजन, रक्तातील कार्बन डायऑक्साइड. तास-दोन तासांत सुधारणा नसेल, तर व्हेंटिलेटरचा निर्णय लांबवणे जिवावर बेतू शकते.

घरच्यांनी हे विसरू नये : ओठ निळसर दिसले, बोलणे तुटू लागले किंवा पंपाने आराम पडला नाही, तर तडक रुग्णालय गाठा. घरातल्या बायपॅपवर झटका निभावण्याचा प्रयत्न करू नका.