दार उघडे ठेवा, चेकबुक मात्र जपून

कोरेगाव पार्कातले भगव्या झग्यातले गोरे शिष्य आपल्यापैकी पुणेकरांनी पाहिलेले असतात. "परदेशी लोकांची थेरं" म्हणून आपण पुढे गेलो. तेच रजनीश १९८१ मध्ये अमेरिकेत आले आणि ऑरेगनच्या माळरानावर सुमारे ६४ हजार एकरांत शिष्यांनी गाव वसवले. तिथला कारभार पाहणारी शीला बडोद्याची, न्यू जर्सीत कॉलेजला आलेली. म्हणजे आपल्याच मुलांसारखी. १९८४ मध्ये तिच्या माणसांनी शेजारच्या द डॅल्स गावातल्या सॅलड बारमध्ये साल्मोनेलाचे जंतू मिसळले. ७५१ माणसे आजारी पडली. १९८५ च्या अखेरीस सारे कोसळले आणि सर्वस्व देऊन बसलेल्यांना घराची वाट धरावी लागली. ज्यांना घर उरले होते, त्यांना.

ध्यान, सत्संग, गुरू आपल्याला नवे नाहीत. मुलगी पहाटे उठून जप करते म्हणून घाबरू नये. (उठते हेच विशेष!) पंथाचे नाव काय यापेक्षा तिथे वागवतात कसे ते पाहावे. शंका विचारलेली चालते का? दिवाळीला चार दिवस घरी येऊ देतात का? पगार, झोप, लग्न कोणाच्या हाती? सोडून गेलेल्यांविषयी काय बोलतात?

"पुन्हा तोंड दाखवू नकोस" हे वाक्य मात्र गिळा. घरचे लोक शत्रू आहेत असे तिथे शिकवलेले असते. आपण ते खरे करून दाखवतो. पूर्वी इथे काही आईबाप सज्ञान मुलांना पळवून, डांबून "डीप्रोग्रॅमिंग" करवत. असे डांबणे बेकायदा आहे. १९९५ मध्ये एका तरुणाने त्यावरून दावा जिंकला आणि कल्ट अवेअरनेस नेटवर्क ही संस्था दिवाळखोरीत गेली. १९७६ मध्ये मून यांच्या पंथातून बाहेर पडलेले स्टीव्हन हॅसन सक्तीऐवजी संवादाचा मार्ग सुचवतात. म्हणून दर आठवड्याला फोन, न चुकता राखी, चकल्यांचे पार्सल. उत्तर आले नाही तरी.

आता पैशांचे. रोख पाठवू नका. दाताचे बिल, घरी यायचे तिकीट परस्पर भरा. जॉइंट खाती आणि को-साइन केलेली कार्डे तपासा. मुलाच्या नावचे यूटीएमए खाते बहुतेक राज्यांत १८ किंवा २१ व्या वर्षी पूर्णपणे त्याचे होते. ५२९ योजनेच्या खात्याचे मालक मात्र सहसा आपणच राहतो. रागाच्या भरात मृत्युपत्रातून नाव काढू नका. विश्वस्ताच्या निर्णयाने पैसे देणारा ट्रस्ट करता येतो, वकिलाला विचारा. पासपोर्ट, जन्मदाखला यांच्या प्रती घरी ठेवा.

आणि स्वतःचे ब्लडप्रेशर? "लोक काय म्हणतील" म्हणून अनेक आईबाप मंडळाच्या कार्यक्रमांना येणेच सोडतात. तसे करू नका. १९७९ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल कल्टिक स्टडीज असोसिएशन कुटुंबांना माहिती देते. जीव देण्याची भाषा कानावर आली तर थांबू नका. ९८८ लावा, धोका समोर दिसत असेल तर ९११.

एखाद्या रात्री अडीच वाजता "बाबा, न्यायला याल?" असा फोन येईलही. तेव्हा गाडी काढा. बाकीचे महिनाभराने विचारता येईल.