जुवारीपलीकडचा आसरा

धार्मिक मतभेदाच्या पाठीशी राज्यसत्तेचे बळ उभे राहिले, की माणसे घरदार सोडतात आणि अन्यत्र नव्या वसाहती उभ्या राहतात. इंग्लंडमधील जाचाला कंटाळून मॅसॅच्युसेट्समध्ये आलेल्या प्युरिटनांनी १६३५ साली रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाला त्याच्या भिन्न मतांसाठी हद्दपार केले. त्यातून १६३६ साली प्रॉव्हिडन्सची वसाहत जन्माला आली. तत्पूर्वी पाऊणशे वर्षे गोमंतकाने असेच स्थलांतर अनुभवले होते.

साष्टी व बारदेश हे प्रांत १५४३ साली पोर्तुगिजांच्या कायमच्या ताब्यात गेले. पुढे तेथील देवळे पाडली गेली, हिंदूंच्या सार्वजनिक धर्माचरणावर निर्बंध आले आणि १५६० साली इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात स्थापन झाले. त्याच साली कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून अंत्रुज महालातील प्रियोळला नेण्यात आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. देवांबरोबर कुटुंबेही निघाली. काही अंत्रुजात राहिली, तर काही थेट मंगळूर आणि कोचीपर्यंत पोहोचली.

या स्थलांतराची आर्थिक बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. गोव्यातील गावच्या जमिनीवर गावकरीची सामाईक मालकी असे. गावकरांचे हे हक्क १५२६ च्या सनदेत खुद्द पोर्तुगिजांनीच नोंदवून घेतले होते. गाव सोडणारा मनुष्य पिढीजात वाटा मागे टाकून जात होता. जमीन बरोबर नेता येत नाही. श्रद्धा, कसब आणि व्यापारातील पत मात्र नेता येते. त्यांच्या बळावर अंत्रुजात देवळे, तळी, अग्रशाळा आणि त्यांच्या आश्रयाने जगणारी वस्ती उभी राहिली. मंगेशी गावाला तर नावच देवाचे मिळाले.

तथापि या घटनेकडे केवळ दोन धर्मांचा झगडा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. निर्वासित देवांना ज्या भूमीत आसरा मिळाला, ती त्या वेळी विजापूरच्या आदिलशहाच्या अमलाखाली होती. उलट, इन्क्विझिशनचा मुख्य रोख होता तो धर्मांतर केलेल्यांवर. जुन्या चालीरीती जपल्याबद्दल त्यांच्यावर खटले होत, आणि त्यांच्यापैकीही अनेकांनी कानडा किनारा गाठला. राज्यकर्त्याचा धर्म कोणता, यापेक्षा तो प्रजेच्या श्रद्धेत किती हात घालतो, हेच निर्णायक ठरले.

१७६३ साली फोंडा महाल पोर्तुगिजांकडे गेला आणि तेच देव पुन्हा त्याच सत्तेखाली आले. या वेळी मात्र नव्या प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचे आश्वासन देण्यात आले. इन्क्विझिशन १८१२ साली संपुष्टात आले. एवढे शहाणपण यायला दोनशे वर्षे लागली. तोवर साष्टीतील कित्येक घराणी आपल्या मूळ गावाला कायमची पारखी झाली होती. मतभेद कोणत्याही समाजाला चुकत नाहीत. भिन्न मताच्या माणसाला आपल्याच गावात राहता येते की नदी ओलांडावी लागते, यावरूनच त्या समाजाची पारख होते.