हिमक्रीडेचे हातमोजे : पुरुषांनीं ते कसे पारखावे?

धनुष्याच्या दोरीनें बोटें सोलूं नयेत म्हणून आपले प्राचीन धनुर्धर ‘अंगुलित्राण’ वापरीत, हें संस्कृत वाङ्मयाच्या वाचकांस ठाऊक आहेच. हाताचें आवरण ही केवळ शोभेची वस्तु नव्हे, ही जाणीव त्या शब्दांतच आहे. ती पुन्हां करून देण्याचें कारण असें कीं, आपल्याकडील तरुण आतां हिंवाळ्यांत गुलमर्ग किंवा औली येथें स्कीइंग शिकण्यास जातात. पायांस लांब पट्ट्या जोडून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा हा खेळ मोठा आनंददायक आहे. ब्रिटिश अमदानींत गुलमर्गच्या उतारांवर तो रुजला, आणि २०२० सालीं ‘खेलो इंडिया’च्या पहिल्या हिंवाळी स्पर्धांतील सामने तेथें झाले. तथापि जाण्याच्या तयारींत कोट, बूट व चष्मा यांची घरांत आठ-आठ दिवस चर्चा होते, आणि हातमोजे मात्र शेवटच्या दिवशीं ‘जाड दिसतात ना, मग चालतील’ एवढ्याच परीक्षेवर घेतले जातात. ही परीक्षा कां अपुरी आहे व खरी कोणती, हें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

हातमोजा ऊब उत्पन्न करीत नाहीं. ऊब रक्ताबरोबर हातांत येते. मोजा ती राखतो, इतकेंच. थंडी वाढली कीं शरीर हृदयादि मर्मस्थानांची काळजी आधीं घेतें व हातापायांकडील रक्तवाहिन्या आकुंचित होतात. शिवाय बोटें बारीक, आकारमानाच्या मानानें त्यांचा पृष्ठभाग फार. म्हणून तीं लवकर गारठतात. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारें २,६५० मीटर उंचीवर आहे, आणि तेथील रज्जुमार्गाचा दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या अंगावर ३,९०० मीटरांच्याही वर नेतो. दर हजार मीटरांस साधारण साडेसहा अंश या हिशेबानें वर आठ अंश थंडी अधिक. त्यांत वारा! हवा उणे १० अंश असतां ताशीं ३० किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेस ती उणे २० अंशांसारखी लागते. आणि पाणी तर स्थिर हवेच्या सुमारें पंचवीस पट उष्णता वाहून नेतें. म्हणूनच जाड पण भिजलेला मोजा हा पातळ पण कोरड्या मोज्याहून वाईट. पहिली कसोटी कोरडेपणाची, दुसरी मापाची. जाडीचा क्रम तिसरा.

चांगल्या मोज्यास तीन थर असतात. बाहेरचा थर वारा व घर्षण सोसतो, मधला पडदा पाणी अडवितो, आणि आंतला थर हवा कोंडून ऊब राखतो. मधल्या पडद्याचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे गोअर-टेक्स. १९६९ सालीं रॉबर्ट गोअर या अमेरिकन संशोधकानें टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यानें ताणला, तेव्हां त्यांत अतिसूक्ष्म छिद्रें निर्माण झालीं. त्यांतून पाण्याचा थेंब आंत शिरत नाहीं, पण घामाची वाफ बाहेर पडते. नवशिका वारंवार पडतो, हात बर्फांत रोवून उठतो, आणि श्रमानें त्यास घामही पुष्कळ येतो. असा पडदा त्यालाच अधिक हवा. आंतल्या थरांत पक्ष्यांचीं मऊ पिसें असल्यास ऊब उत्तम, परंतु तीं भिजलीं कीं गोळा होतात. प्रायमालॉफ्टसारखे कृत्रिम तंतु, जे १९८० नंतर अमेरिकन सैन्यासाठीं पिसांच्या जागीं तयार करण्यांत आले, ओलाव्यांतही बरीच ऊब धरतात. नवशिक्यानें तेच घ्यावे.

आकारानें मोज्यांचे प्रकार तीन. पहिला पांच बोटांचा. काठी धरण्यास व बकल लावण्यास सोयीचा. दुसरा ‘मिटन’, त्यांत अंगठ्यास एक व उरलेल्या चार बोटांस मिळून एक, अशीं दोनच घरें. हा अधिक उबदार, आणि त्याचें कारण एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नकोच: एका छपराखालीं राहणारीं चार भावंडें एकमेकांस ऊब देतात, वेगळीं झालीं कीं प्रत्येकास आपली चूल पेटवावी लागते. तिसऱ्यांत अंगठा व तर्जनी स्वतंत्र आणि बाकीचीं तीन बोटें एकत्र. ही मधली तडजोड. ज्याचीं बोटें थोड्या थंडीनेंही पांढरीं पडतात, त्यानें मिटनच घ्यावा.

मापासाठीं शिंप्याची फीत पुरे. ज्या हातानें आपण लिहितों त्या हाताच्या तळव्याभोंवतीं, अंगठा वगळून, बोटांच्या मुळाशीं असलेल्या सांध्यांवरून ती फिरवावी. आठ इंच भरल्यास बहुधा आठ क्रमांक, नऊ भरल्यास नऊ. मधलें माप आल्यास पुढचा. परंतु सर्व कारखान्यांचीं मापें सारखीं नसतात, म्हणून घालून पाहणें हेंच खरें. मूठ वळावी: तळव्यावर ताण पडतां कामा नये. बोटें सरळ करावीं: टोकांशीं पाव इंच जागा राहावी. नंतर एखादी काठी घट्ट धरून पाहावी. घट्ट मोजा रक्तास अडवितो व कोंडलेली हवा पिळून काढतो. फार सैल मोज्यांत पकड राहत नाहीं. पुरुषांचे मोजे रुंद तळव्याच्या व लांब बोटांच्या बेताचे असतात. ज्याचा हात लहान व निमुळता आहे, त्यास स्त्रियांचा मोजा नीट बसत असेल तर तो घेण्यांत त्यानें कमीपणा मानूं नये. बर्फ कांहीं वरची चिठ्ठी वाचीत नाहीं.

तळव्यास कातडें असावें. स्वीडनमधील हेस्त्रा गांवीं १९३६ सालीं निघालेला त्याच नांवाचा कारखाना आरंभीं लांकूडतोड्यांचे मोजे करी. पुढें तो स्कीपटूंचे करूं लागला. दोघांचें काम एकच, थंडींत दांडा घट्ट धरणें. बकऱ्याचें कातडें पातळ, लवचिक व टिकाऊ असतें. ज्यांस कातडें नको असेल त्यांनीं कृत्रिम तळव्याचे मोजे घ्यावे. मात्र ते बहुधा लवकर झिजतात. मनगटाचा भाग लांब व आवळण्याच्या दोरीचा असला म्हणजे पडल्यावर बर्फ आंत जात नाहीं. मनगटास अडकविण्याची पट्टीही पाहून घ्यावी. उंच पाळण्यांतून मोजा खालीं पडला तर तो परत मिळत नाहीं.

घरीं आत्याबाईंनीं विणलेल्या लोंकरी मोज्यांचें काय? त्यांतून वारा जातो व बर्फ वितळून ते भिजतात; एकटे ते उतारावर पुरत नाहींत. परंतु वीण बारीक असेल तर आंतून घालण्यास ते उत्तम, कारण लोंकर ओलसर झाली तरी ऊब सोडीत नाहीं. सुती मोजे मात्र आंतून घालूं नयेत. ते घाम धरून ठेवतात. रात्रीं मोजे उलगडून मोकळ्या हवेंत वाळवावे. बुखारीजवळ ठेवल्यास कातडें कडक होऊन तडकतें.

आतां शेवटची गोष्ट. बोट प्रथम झोंबतें, मग बधिर होतें. झोंबणें थांबलें म्हणजे बरें वाटलें असें नव्हे. तीच हिमदंशाची सूचना. त्वचा पांढुरकी व टणक झाल्यास ती चोळूं नये, बर्फ मुळींच लावूं नये, शेकोटीवरही धरूं नये, कारण बधिर बोटास भाजलेलें कळत नाहीं. हात कांखेंत धरून ताबडतोब खालीं यावें. बोटें पुन्हां गोठण्याचा संभव नाहीं अशा ठिकाणीं तीं ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यांत बुडवावीं, आणि विलंब न लावतां डॉक्टरांस दाखवावीं.

संस्कृतांत हातास ‘कर’ म्हणतात. ज्यानें कार्य करावयाचें तो कर. वीस वर्षांच्या मुलाच्या हातून पुढें पन्नास वर्षांचें कार्य व्हावयाचें असतें. घरांतील वडील मंडळींनीं प्रवासाच्या खर्चास हात आंखडला तरी हरकत नाहीं. हातमोज्यांच्या खर्चास तो आंखडूं नये.