चार्जर प्लेट : मांडायची, पण वाढायची नाही

मुलांना टेबलावरचे शिष्टाचार शिकवताना एक प्रश्न हमखास येतो, "टीचर, समोर एवढी मोठी प्लेट असताना तिच्यात वाढत का नाहीत?"

ही चार्जर प्लेट. पाश्चात्त्य पद्धतीच्या औपचारिक जेवणात ती पाहुणे बसण्याआधीच मांडलेली असते. आकार साधारण १२ ते १३ इंच. डावीकडे काटे, उजवीकडे सुरी आणि चमचा. सूपचा बाऊल तिच्यावरच ठेवतात, म्हणजे सांडलेले थेंब टेबलक्लॉथवर पडत नाहीत. मुख्य जेवण आलं की बऱ्याच ठिकाणी ती उचलतात.

पण शिष्टाचार हे अर्धंच कारण. काही शोभेच्या प्लेट्सच्या रंगात किंवा चकाकीच्या थरात शिसं असू शकतं. लिंबू, चिंच, लोणचं अशा आंबट पदार्थांमुळे ते अन्नात उतरतं आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक ठरतं. म्हणून घरातली शोभेची प्लेटही खाऊसाठी काढू नका.

वर्गात सांगताना पंगतीतल्या पानाभोवतीची रांगोळी आठवून द्या. महिरप शोभेला असते, घास पानातलाच घ्यायचा. मुलांना लगेच कळतं!