साथीमागून आलेली नागीण

इतवारीतील गल्ल्यांतून हिंडावे तो धान्याची पोती, किराण्याचे वास आणि सराफ्यातील गिऱ्हाइकांची लगबग यांनी मनुष्य गांगरून जातो. त्याच इतवारीवर २०२० च्या वसंतात स्मशानशांतता पसरली होती. जवळच्या सतरंजीपुऱ्यात कोरोनाने ठाण मांडले होते, रस्ते कळकांनी अडविले होते आणि मेयो इस्पितळाचे नाव काढताच माणसांच्या चेहऱ्यावरचे पाणी पळत असे. पुढे २०२१ च्या एप्रिलात तर प्राणवायूच्या एका नळकांड्यासाठी नागपुरातील घरोघरचे कर्ते पुरुष रात्रंदिवस वणवण फिरले. ती साथ ओसरली; परंतु मागे तिने काय काय ठेविले, याचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. त्या हिशेबातील एका लहानशा, पण फार दुखऱ्या रकमेविषयी आज लिहावयाचे योजिले आहे. ती रक्कम म्हणजे नागीण.

त्या एप्रिलात आमच्या परिचयाच्या एका वाड्यातील वृद्ध सासूबाई कोरोनातून उठल्या. ताप जाऊन तीन आठवडे झाले असतील नसतील, तोच उजव्या कुशीत आग होऊ लागली. कोणी म्हणाले उष्णता, कोणी म्हणाले पित्त. तिसऱ्या दिवशी बरगडीच्या रेषेने पाणीदार फोडांची माळ उमटली. सुनेने डॉक्टरांचे नाव काढले, पण सासूबाई म्हणाल्या, "इस्पितळात पुन्हा पाऊल टाकणार नाही. नागीण आहे, जाणत्याकडून उतरवून घ्या." गेरूची पुटे चढली, मंत्र झाले. सहाव्या दिवशी डॉक्टर आले, तेव्हा औषधाची उत्तम वेळ निघून गेली होती. फोड पंधरवड्यात सुकले. वेदना मात्र वर्षभर राहिली. लुगड्याचा पदर लागला तरी त्या कळवळत. असे का व्हावे, हे समजून घेण्यासारखे आहे.

नागीण बाहेरून येत नाही. बालपणी ज्यास कांजिण्या येऊन गेल्या, त्याच्या शरीरातून त्या रोगाचा विषाणू कधीच पुरता जात नाही. पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या मुळाशी तो दडी मारून बसतो. पुढे वार्धक्य, मधुमेह, कर्करोग किंवा काही औषधे यांमुळे शरीराची राखण ढिली पडली, म्हणजे तो एखाद्या तंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. इंग्लंडातील सायरेन्सेस्टर गावचे कुटुंबवैद्य एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्याच रोग्यांच्या सोळा वर्षांच्या नोंदी तपासून १९६५ साली ही उपपत्ती मांडली, आणि ती आज सर्वमान्य आहे.

यावरूनच एका जुन्या भयाचाही निरास होतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः मज्जातंतू डाव्या व उजव्या अंगास निरनिराळे जातात. म्हणून फोडांची माळ बहुधा अंगाच्या मध्यरेषेपाशीच थांबते. मांत्रिकाने ती अडविली असे वाटते, पण ती आपल्या वाटेच्या अंतापाशी थांबलेली असते. क्वचित प्रतिकारशक्ती अगदीच खालावलेल्या रोग्यास अंगभर फोड येतात. तेव्हा मात्र विनाविलंब इस्पितळ गाठावे.

आता प्रश्न असा की, कोरोनाने ही झोपलेली नागीण जागी केली काय? कोरोनाच्या तीव्र दुखण्यात रक्तातील ज्या पेशी अशा दडलेल्या विषाणूंवर पहारा ठेवितात त्यांची संख्या घटते. स्टिरॉइडे दिली असल्यास पहारा आणखी सैल होतो. तेव्हा शंका रास्त होती. अमेरिकेतील पन्नाशीपुढील लोकांच्या नोंदींवरून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, कोरोना झालेल्यांस पुढील सहा महिन्यांत नागीण होण्याचा संभव सुमारे १५ टक्क्यांनी, व इस्पितळात राहावे लागलेल्यांस सुमारे २१ टक्क्यांनी अधिक आढळला. लशीविषयीही कुजबूज झाली. इस्रायलमधील २०२१ च्या पाहणीत लशीनंतर किंचित वाढ दिसली. पण अमेरिकेतील वीस लाखांहून अधिक लसवंतांच्या २०२२ मधील पाहणीत तशी वाढ दिसली नाही. तेव्हा नागिणीच्या भीतीने कोरोनाची लस टाळणे शहाणपणाचे नव्हे.

पंधरा टक्के हा आकडा ऐकून कोणी घाबरू नये. पन्नाशीपुढील हजार माणसांत वर्षाकाठी सहा ते नऊ जणांस नागीण होते असे धरिले, तर सहा महिन्यांत ही वाढ हजारी एकाहूनही कमी भरते. आमच्या मते साथीने खरा घात केला तो दुसऱ्याच वाटेने. तिने माणसांच्या मनात इस्पितळाचे भय घातले आणि त्या भयाने औषधाची वेळ दवडली. ॲसायक्लोविर, व्हॅलासायक्लोविर ही औषधे फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास उत्तम गुण देतात. मागाहून उरणारी, तीन महिन्यांहून अधिक टिकणारी मज्जातंतूंची वेदना साठीपुढील माणसांस विशेष छळते. कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास दृष्टीस धोका असतो. तेथे एक रात्रही दवडू नये.

घरात आणखी एक पथ्य पाळावे. नागिणीच्या फोडांतील पाण्याने, ज्यास कांजिण्या आलेल्या नाहीत व ज्याने त्यांची लसही घेतलेली नाही, अशास कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोड स्वच्छ वस्त्राने झाकावेत, आणि खपल्या धरेपर्यंत तान्ही मुले व गर्भिणी यांना जवळ घेऊ नये. नातवंडांच्या मायेपोटी येथेच चूक होते.

प्रतिबंधाचा उपाय आता आपल्या देशातही उपलब्ध आहे. नागिणीवरची नवी लस भारतात २०२३ साली आली. तीत जिवंत विषाणू नाही. पन्नाशीपुढील व्यक्तींस ती दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा दंडात टोचतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पन्नाशीपुढील लोकांत तिने सुमारे ९७ टक्के, तर पुढील वर्षीच्या प्रयोगात सत्तरीपुढील लोकांत सुमारे ९० टक्के संरक्षण दिले. दंड दुखतो, एक-दोन दिवस ताप व ग्लानी येते. नागीण होऊन गेलेल्यांनीही, फोड पूर्ण बरे झाल्यावर, ती घेता येते. मात्र अंगावर उठलेल्या नागिणीचे ते औषध नव्हे. लस महाग आहे व सरकारी मोफत योजनेत नाही, हे खरे. परंतु ज्या घरांत मुंजी-लग्नांत हजारांनी रुपये सहज खर्चिले जातात, तेथे वडीलधाऱ्यांच्या वाट्यास एवढी रक्कम यावी असे म्हटल्यास कोणी रागावणार नाही, अशी आमची खात्री आहे. ज्यांना ती खरोखरच झेपत नाही, त्यांच्या हाती ७२ तासांचे भान तरी आहेच, आणि त्यास पैसा पडत नाही.

वाड्यातील त्या सूनबाईंनी आता देवघराशेजारच्या दिनदर्शिकेवर डॉक्टरांचा क्रमांक लिहून ठेविला आहे. सासूबाईंनीच तो लिहावयास सांगितला. शेजारपाजारी कोणाच्या कुशीत आग होते असे कानी आले, की त्याच आजीबाई काठी टेकीत जातात व म्हणतात, "गेरू नको, आधी डॉक्टर." वर्षभर सोसलेल्या वेदनेतून आलेला हा उपदेश आमच्या वाचकांनी वेदना न सोसताच घ्यावा, एवढीच विनंती.