गॅस संपत नाही, तो गळतो

एअर कंडिशनरमधला गॅस हे इंधन नव्हे. तो जळत नाही, वापराने खर्ची पडत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तो सतत फिरत राहतो: खोलीतल्या कॉईलमध्ये उष्णता शोषून त्याची वाफ होते, बाहेरच्या युनिटमध्ये ती उष्णता सोडून तो पुन्हा द्रव होतो. यंत्र जिवंत असेपर्यंत तेवढ्याच गॅसवर हे चालावे, अशीच त्याची रचना असते. याचा पुरावा घरोघरी आहे. फ्रिज याच तत्त्वावर वर्षाचे ३६५ दिवस चालतो आणि त्यात दहा-दहा वर्षे कोणी गॅस भरत नाही. तरीही मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीवर ‘गॅस संपलाय, भरावा लागेल’ हे वाक्य दर एप्रिल-मेमध्ये ऐकू येते आणि ग्राहक ते वार्षिक खर्च म्हणून मान्य करतो. खरे तर दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागणे म्हणजे गेल्या उन्हाळ्यात दुरुस्ती झालेलीच नाही. एसी दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, हा प्रश्नही गळती नेमकी कुठे आहे हे कळल्याशिवाय सोडवता येत नाही.

फ्रिजच्या नळ्या कारखान्यातच जोडून बंद होतात. स्प्लिट एसीचे दोन भाग मात्र तुमच्या घरी जोडले जातात; नळीचे टोक फुलवून, त्यावर नट आवळून. इथली घाई हे गळतीचे पहिले कारण. दुसरे कारण हवेतच आहे. खारा वारा लागला की तांब्याची नळी आणि तिच्यावरचे ॲल्युमिनियमचे पातळ पंख यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. पंखांवर पांढरी भुकटी धरते आणि काही वर्षांत ते बोटाने चुरतात. खाडी किंवा उघडा नाला जवळ असेल तर सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांबे काळे करून पोखरतो. घराच्या आतही धोका आहे: प्लायवूडचा गोंद, रंग, सफाईची द्रव्ये यांतून सुटणारी सेंद्रिय आम्ले ओल्या कॉईलवर जमून तांब्यात मुंगीच्या वारुळासारखी सूक्ष्म भुयारे पाडतात. ही छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत.

मात्र थंडावा कमी झाला की गॅसच कमी झाला, असेही नाही. दमट हवेत हे आधी तपासले पाहिजे. एसीचे मूळ कामच ओलावा काढणे: आधुनिक एअर कंडिशनिंगचे जनक मानले जाणारे विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, ती माणसांच्या सुखासाठी नव्हती. हवेतल्या ओलाव्याने कागद फुगत आणि आक्रसत होता, तो आवरण्यासाठी होती. किनाऱ्यावरच्या एसीचे निम्मे श्रम आजही याच कामात जाऊ शकतात. हवेतले एक लिटर पाणी टिपायला सुमारे दोन-तृतीयांश किलोवॅट-तास इतकी उष्णता ओढून घ्यावी लागते. त्यामुळे कॉईल कायम ओली, ओलीवर धूळ, धुळीवर बुळबुळीत थर. वाऱ्याची वाट बंद झाली की कॉईलवर बर्फ धरतो आणि गेजवरचा दाब खाली येतो. गॅस कमी असतानाही नेमकी हीच लक्षणे दिसतात. फिल्टर आणि कॉईल धुण्याआधी गेज लावून केलेले निदान म्हणूनच विश्वासार्ह नसते. बाहेरचा पंखा किंवा कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल तर पुष्कळदा दोष काहीशे रुपयांच्या कपॅसिटरचा असतो, त्याचा गॅसशी काही संबंध नसतो.

गळती आहे असे ठरले तर खरी दुरुस्ती कशी होते? नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून काटा उतरतो का ते पाहायचे, जोडांवर आणि कॉईलवर साबणाचा फेस लावून बुडबुडा शोधायचा, जोड नव्याने करायचा किंवा छिद्र ब्रेझिंगने बुजवायचे. मग व्हॅक्यूम पंप लावायचा. ही पायरी सर्वांत जास्त टाळली जाते आणि किनाऱ्यावर तिचीच सर्वांत जास्त गरज असते. नळीत शिरलेल्या हवेबरोबर ओलावाही शिरतो. दाब पुरेसा उतरवला की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून बाहेर पडते. ते राहिले तर कॉम्प्रेसरच्या तेलात आम्ल तयार होऊन मोटरीचे वेटोळे जळते. शेवटी यंत्रावरच्या कंपनीच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर तोलून भरायचा. यावर आक्षेप रास्त आहे: मे महिन्याच्या उकाड्यात अर्धा दिवस कोण थांबणार, आणि मेकॅनिक जास्त पैसे मागणार. पण टॉपअपचा खर्च दरवर्षी होतो, आणि कमी गॅसवर तासन्‌तास धावणारे यंत्र बिलही वाढवते, कॉम्प्रेसरही तापवते. शिवाय अनेक एसींत असणारा आर-४१०ए हा गॅस दोन वायूंचे मिश्रण आहे. त्याचे शिल्लक प्रमाण कळत नसताना अंदाजाने भर घालणे चुकीचे. मेकॅनिकला दोष देऊनही भागत नाही. आपण गळती शोधण्याचे पैसे द्यायला तयार नसतो, म्हणून तो गॅस विकतो.

बदलण्याचा निर्णय इथून सोपा होतो. गळती जोडावर असेल तर यंत्र टाकून देण्याचे कारण नाही. कॉईलच जागोजागी खाल्ली गेली असेल तर एक छिद्र बुजवून उपयोग नाही. वॉरंटीत असेल तर नवी कॉईल, यंत्र म्हातारे असेल तर नवे यंत्र. आर-२२ वर चालणाऱ्या जुन्या एसीवर तर मोठा खर्च करूच नये. ओझोनला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार त्या वायूचा वापर २०३० पर्यंत जवळजवळ थांबायचा आहे. त्यापुढे २०४० पर्यंत केवळ दुरुस्तीपुरता अल्प वाटा उरेल. त्या यंत्रात नव्या एसींतला आर-३२ भरून देतो म्हणणाऱ्याला नकार द्यावा. दाब वेगळा, तेल वेगळे, शिवाय हा वायू पेट घेऊ शकतो.

नवा पंचतारांकित एसी वीज वाचवतो, मग दुरुस्तीत का गुंतायचे, असेही विचारले जाते. रोज सात-आठ तास आणि वर्षातले बरेच महिने एसी चालत असेल तर जुने फिक्स्ड स्पीड (इन्व्हर्टर नसलेले) यंत्र बदलणे खरोखर फायद्याचे आहे. पण वापर एप्रिल-मेच्या रात्रींपुरता असेल तर बचतीतून किंमत वसूल व्हायला फार वर्षे लागतात. शिवाय नवे यंत्र त्याच खाऱ्या वाऱ्यात, त्याच जुन्या नळीवर, व्हॅक्यूम न करता बसवले तर तेही गळणार. घेताना तांब्याची आणि संरक्षक लेप असलेली कॉईल पाहावी, आणि टनेज गरजेपेक्षा वाढवू नये: मोठे फिक्स्ड स्पीड यंत्र खोली चटकन गार करून थांबते आणि ओलावा तसाच राहतो.

हिशेब फक्त घरापुरता नाही. शंभर वर्षांच्या मोजमापाने आर-४१०ए हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट तापमान वाढवणारा वायू आहे, आर-३२ पावणेसातशे पट. म्हणजे एका किलोची गळती अनुक्रमे सुमारे दोन टन किंवा दोन-तृतीयांश टन कार्बन डायऑक्साइडइतकी. जुने यंत्र भंगारवाला नळ्या कापून नेतो तेव्हा राहिलेला सगळा गॅस हवेत जातो. काढण्याआधी एक झडप बंद करून कॉम्प्रेसर काही मिनिटे चालवला तर गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होतो. तिथून तो रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून घेता येतो. नवा एसी बसवायला येणाऱ्याकडून हे काम करून घ्यावे आणि त्याचे पैसे आधीच ठरवावेत.